गाडीवरचं वारं आणि अंगावरचे कपडे

दिवाळी सरली की वस्तीतल्या गाड्या पहाटे पाच-साडेपाचलाच सुरू होतात. कुणी बुटीबोरीच्या पहिल्या पाळीला निघतं, कुणी हिंगण्याच्या एमआयडीसीत, कुणी भाजी आणायला कॉटन मार्केटला, कुणी झाडलोटीच्या हजेरीला. विहारात आरोग्य तपासणीला बसलो की या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताई, स्वेटर घालतो, दुपट्टा बांधतो, तरी गाडीवर हुडहुडी भरते. आणि दुपारी घरी येतो तर घामानं भिजलेला असतो."

या तक्रारीत स्वेटरचा दोष नाही. कपडे कमी पडतात असंही बहुतेक वेळा नसतं. चुकतो तो कपड्यांचा क्रम. घरात बसून थंडी वाजणं आणि गाडीवर थंडी वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्हीसाठी कपडेही वेगळ्या रीतीनं घालावे लागतात. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, तिथं तर याची माहिती असायलाच हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आपलं शरीर आतून साधारण ३७ अंशांवर चालतं. कातडीला लागून असलेली हवेची पातळ चादर शरीर आपल्या उबेनं गरम करून ठेवतं. आपण बसलेलो असतो तेव्हा ती चादर जागेवर राहते. गाडी सुरू झाली की वारं ती क्षणोक्षणी उडवून नेतं आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी हवा तापवावी लागते. वाऱ्याच्या गारठ्याचा हिशोब करायचं एक शास्त्रीय गणित आहे. त्याप्रमाणे बाहेर १० अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगानं गेलो, तर उघड्या कातडीला ५-६ अंशांसारखी थंडी लागते. ८ अंश असेल तर ३ अंशांच्या आसपास. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे ८-१० अंश काही नवलाचे नाहीत. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर इथं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

आता स्वेटरकडे पाहू. लोकरीची ऊब लोकरीत नसते, तिच्या विणीत अडकलेल्या हवेत असते. आणि विणीला भोकं असतात. स्वेटर सगळ्यात वर घातला की वारं त्या भोकांतून आत शिरतं आणि अडकलेली हवा घेऊन जातं. म्हणजे आपण जाळीचा दरवाजा लावून थंडी अडवतो आहोत. त्याच स्वेटरवर वारं न शिरणारं काहीही घाला, अगदी पावसाळ्यातला रेनकोट घाला, की तोच स्वेटर दुप्पट काम करतो. आमच्या पाहण्यात कितीतरी घरी रेनकोट ऑक्टोबरमध्ये घडी घालून माळ्यावर जातो. तो जाऊ देऊ नका. थंडीत गाडीवर सगळ्यात उपयोगी कपडा तोच आहे.

क्रम आतून बाहेर असा ठेवायचा: अंगाला लागून कोरडं, मध्ये फुगीर, वर वारं अडवणारं.

अंगाला लागून जे असेल ते कोरडं राहायला हवं. आपण सुती बनियन घालतो. सुती कापड घाम पितं, पण तो लवकर सोडत नाही. हमाली करणारा, गाडीवर सिलिंडर वाहणारा, बांधकामावर जाणारा माणूस दिवसभर घामानं भिजतो आणि संध्याकाळी ओल्या बनियनवर गाडी काढतो. ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी भरभर अंगातली ऊब काढून घेतं. अशा माणसाला दोन स्वेटर दिले तरी तो कुडकुडेल. त्याला एक कोरडा बनियन लागतो, बस. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवा आणि काम संपलं की आडोशाला जाऊन बदला. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, पैसा लागत नाही. जयंतीला, क्रिकेटच्या सामन्यांना वाटलेले ते चकचकीत पॉलिएस्टरचे टी-शर्ट घराघरात पडून असतात. हिवाळ्यात आतून घालायला ते सुती बनियनपेक्षा बरे, कारण लवकर वाळतात. उन्हाळ्यात मात्र त्यांना हात लावू नका.

मधला कपडा फुगीर आणि सैल हवा. दोन स्वेटर कोंबून वरून घट्ट जर्किनची चेन ओढली की हवेला जागाच उरत नाही, म्हणजे दुसरा स्वेटर वाया गेला. त्यापेक्षा एक पातळ आणि एक जाड, असे दोन कपडे वेगवेगळे घालावेत. म्हणजे दहा वाजता ऊन चढलं की एक काढता येतो.

वरचा कपडा वारं अडवणारा हवा. विंडचीटर असेल तर उत्तम, जर्किन असेल तर चांगलं, नाहीतर रेनकोट. काहीच नसेल तर शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची चार-सहा पानं पसरून ठेवा. सायकलपटू ही युक्ती फार वर्षांपासून करत आले आहेत. कागद वारं अडवतो, घामही थोडा शोषतो आणि पोहोचल्यावर काढून टाकता येतो. काही जण जर्किन उलटं घालतात, म्हणजे चेन पाठीकडे. छातीला वारं लागत नाही हे खरं, पण गरम झालं तर चालत्या गाडीवर स्वतःला ती चेन उघडता येत नाही, आणि अपघात झालाच तर मदतीला आलेल्यालाही छाती मोकळी करता येत नाही. वर्तमानपत्र त्यापेक्षा बरं.

पडलं तर हाडं वाचवणारी पॅड लावलेली जॅकेटं बाजारात मिळतात. ती चांगलीच असतात, पण हजारोंच्या घरात जातात. आमचं मत विचाराल तर हातात पैसा असेल तेव्हा आधी आयएसआय खुणेचं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घ्या, मग हातमोजे, आणि त्यानंतर उरलं तर जॅकेट. ते टोपीसारखं अर्धं हेल्मेट चलान वाचवायला घेतात. त्यानं डोकंही वाचत नाही आणि कानही गारठतात. पूर्ण हेल्मेट ही हिवाळ्यातली सगळ्यात उबदार कानटोपी आहे. त्याखाली जाड माकडटोपी घालू नका. तिच्यामुळे हेल्मेट नीट बसत नाही आणि पट्टाही लागत नाही. पातळ सुती स्कार्फ पुरे. बहिणींनी अंबाडा मानेवर खाली बांधावा, डोक्यावर बांधला तर हेल्मेट तरंगत राहतं.

हात सुन्न होतात तेव्हा

थंडीत शरीर आधी आतले अवयव सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं. बोटं बधिर होतात, क्लचचा अंदाज चुकतो, ब्रेक दाबायला उशीर होतो. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तरी सात मीटर गेले. समोर बैल किंवा ट्रॉली असेल तर सात मीटर म्हणजे काय हे सांगायला नको. थंडीमुळे झालेला अपघात पोलिसांच्या कागदावर थंडीच्या नावानं लिहिला जात नाही, तिथं 'ताबा सुटला' एवढंच येतं.

म्हणून हातमोजे हवेतच. लोकरीचे असतील तर त्यावर भांडी धुण्याचे मोठ्या मापाचे रबरी मोजे चढवा, वारं आत येत नाही. फक्त घट्ट होऊ देऊ नका, घट्ट मोज्यानं रक्त आणखी अडतं. शिवाय ब्रेक नीट दाबता येतो का, हे गाडी उभी असतानाच पाहून घ्या. थंडीत मोजा बाहीच्या वर ओढावा. पावसात उलट करावं, बाही मोज्याच्या वर घ्यावी, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी सरळ मोज्यात उतरतं.

वाटेत एक तपासणी करता येते. अंगठ्याचं टोक त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला लावून पाहा. सहज जुळत नसेल तर हात गाडी चालवण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. टपरीवर थांबा, हात काखेत धरा, गोड गरम चहा घ्या. सुन्न हात एकदम शेकोटीवर धरू नका, चटका बसला तरी कळत नाही. सायलेन्सरवर हात शेकणारी मुलंही आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या तळहाताची पट्टीही केली आहे. भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही.

विडी-सिगारेटनं ऊब येते हा भ्रम आहे. तंबाखूनं बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दारूचं तर त्याहून वाईट. ती कातडीकडे रक्त आणते म्हणून गरम वाटतं, पण तीच आतली ऊब बाहेर जात असते.

अंग थरथर कापत असेल तोवर शरीर लढतं आहे. बोलणं जड झालं, माणूस अडखळू लागला, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देऊ लागला आणि कापणं थांबलं, तर शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. त्याला गाडीवर पुन्हा बसवू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. पावसात भिजून रात्री लांबून येणाऱ्याला हे जुलै-ऑगस्टमध्येही होऊ शकतं. त्यासाठी बर्फ पडायला लागत नाही.

एका दिवसात तीन ऋतू

फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे स्वेटर लागतो, दुपारी घाम फुटतो आणि संध्याकाळी अवकाळीचं आभाळ येऊन गारा पडतात. अशा दिवसांत एकच जाड जर्किन कामाचं नाही. घातलं तर उकडतं, काढलं तर गारठतो. तीन पातळ कपडे असतील तर प्रत्येक वेळेला एक काढता-घालता येतो. घाम येण्याआधी काढायचा आणि थंडी वाजण्याआधी घालायचा, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. घाम आल्यावर काढलेला कपडा उशिरा काढलेला असतो, कारण आतला कपडा तोवर भिजलेला असतो.

काढलेला कपडा कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. हँडलला लटकवला तर वळताना अडतो. बाह्या कमरेला बांधल्या तर मागून चेनमध्ये किंवा चाकात जातो. पिशवीत घालून पाठीला लावा किंवा डिकीत ठेवा.

पावसात शर्ट-पँटचा वेगळा रेनकोट घ्या. पांघरायचा, घोंगडीसारखा रेनकोट पायी चालणाऱ्याला ठीक आहे, गाडीवर तो वाऱ्यानं फुगतो आणि डोळ्यांवर येतो. मागे बसून छत्री उघडणं तर पूर्णपणे बंद करा. वारं छत्रीत भरतं आणि बसलेली बाई मागच्या मागे ओढली जाते. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा, पावसाळ्यात डोक्याला मार लागून आलेल्यांत छत्रीवाल्या किती असतात. पायांत बूट असतील तर पायमोज्यावर एक पॉलिथिन पिशवी चढवून मग बूट घाला, पाय कोरडे राहतात आणि चिखल्याही होत नाहीत. वरचा कपडा काळा घेऊ नका. पावसात आणि धुक्यात ट्रकवाल्याला काळा माणूसही दिसत नाही आणि काळी गाडीही दिसत नाही. जर्किनच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, शिलाईवाल्याकडे दहा मिनिटांचं काम आहे.

घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या आपल्या मुलांना कंपनीकडून पातळ टी-शर्ट मिळतो आणि त्यावरच ती रात्री बारापर्यंत फिरतात. कंत्राटी सफाई कामगारांचं तेच. रेनकोट, हातमोजे, गरम जर्किन ही कामाची साधनं आहेत, मेहरबानी नव्हे. एकेकट्यानं न मागता दहा-पंधरा जणांनी मिळून लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

बाया आणि लेकरं

आपल्या बायांची सवय साडीवर शाल घ्यायची. गाडीवर शाल धोक्याची. एक टोक सुटलं की चाकात जातं. साडीचा पदर, ओढणी, दुपट्टा यांचंही तेच. पदर खोचा, ओढणी कमरेला बांधून तिची टोकं आत घ्या, आणि शालीऐवजी लेकाचा जुना शर्ट, त्यावर स्वेटर, वर रेनकोट असं घाला. कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं गार्ड असायलाच हवं, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. मुलं शोभेसाठी ते काढून टाकतात. ते परत लावून घ्या.

पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं लेकरू म्हणजे बापाची वाऱ्याविरुद्धची ढाल असते. सगळं वारं त्याच्या छातीवर. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं जास्त उघडं असतं, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं, आणि त्याला ते सांगता येत नाही. बापाला वाटतं, पोरगं शांत बसलंय. त्याला मध्ये बसवा. कपडे मोठ्यांसारखेच थरांनी घाला, पण तोंडावर गुंडाळू नका, श्वासाला जागा ठेवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानंच सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ च्या नियमानुसार सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ४० च्या वर नेता येत नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात. हवा कातडीपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की वारं अंग थंड करण्याऐवजी तापवू लागतं. घाम सुकतो तेवढाच काय तो गारवा, पण पाणी भराभर जातं. त्यामुळे ४४-४५ अंशांत बनियनवर गाडी चालवणं म्हणजे उघड्या अंगानं भट्टीसमोर उभं राहणं. पूर्ण बाहीचा सैल सुती शर्ट, बायांना सनकोट, मानेवर ओला रुमाल आणि सोबत पाण्याची बाटली. या दिवसांत कपडे अंगाला सावली देतात. माणूस तापला आणि असंबद्ध बोलू लागला तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरात सिकलसेल असेल तर

विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांमध्ये आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आहे, हे वाचकांना नव्यानं सांगायला नको. 'एएस' म्हणजे वाहक, त्यांना सहसा त्रास होत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्यांच्या लाल पेशी काही कारणांनी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हात-पाय, कंबर, छाती अशी दुखू लागते की माणूस लोळतो. त्या कारणांत थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही दोन ठळक आहेत.

आता पहाटेची गाडी डोळ्यांसमोर आणा. थंड वाऱ्यानं बोटांच्या वाहिन्या आकसल्या, आतला बनियन ओला, आणि 'वाटेत लघवीला थांबावं लागेल' म्हणून निघताना पाणी घेतलं नाही. दुखण्याला यापेक्षा जास्त निमंत्रण कोणतं? 'एसएस' मुलांना आम्ही गाडी चालवू नका असं म्हणत नाही. पोट भरायचं तर जावंच लागतं. पण त्यांनी हातमोजे, पायमोजे आणि वारं अडवणारा वरचा कपडा हे तीन कधी टाळू नयेत. निघताना दोन पेले कोमट पाणी प्यावं, अर्ध्या तासानं थांबून हातपाय हलवावेत, भिजलं तर पुढे रेटू नये. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया लिहून दिली असेल तर ती बरं वाटलं म्हणून सोडू नये. दुखण्याबरोबर ताप आला, छातीत दुखून धाप लागली, तर घरी शेक देत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणाची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करतात आणि एएस की एसएस ते कळतं.

आणखी एक गोष्ट याच वाऱ्याच्या नावानं होते. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलत नाही, जीभ जड झाली, की घरचे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं, काल गाडीवर उघडाच गेला होता." मग मालिश, मग कबुतराचं रक्त, मग कुणा गावचा औषधवाला, आणि दोन दिवस निघून जातात. बाहेरचं वारं असं अंगातून जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की लकवा होतो. सिकलसेलच्या रुग्णांत तर तो लहान मुलांनाही होऊ शकतो. गाठ अडकून झालेल्या लकव्यात ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच थेट न्या, गाडीवर मध्ये बसवून नव्हे, १०८ बोलावून. आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.